जंत आणि जंतू

डॉक्टर म्हणाले, "जठरात एक जंतू बसलाय, त्याच्यामुळं ही गाठ आलीय. लिम्फोमा. जंतू मारला की गाठ बहुतेक विरून जाईल."

कॅन्सर, आणि औषध काय, तर अँटिबायोटिक! घसा धरल्यावर घेतो तसल्या गोळ्या! थट्टा करताय का माझी, असं अगदी ओठावर आलं होतं. केमो वगैरे सध्या नको, लवकर सापडलंय, म्हणाले.

"आला कुठून मेला?" मी विचारलं. मला टँकरवाल्याच्या नावानं बोटं मोडायची होती. शहर बिडकीनकडं पसरत चाललेलं, जिकडंतिकडं प्लॉट पाडलेले, आणि आमच्या कॉलनीत नळाला थेंब नाही. पण डॉक्टर म्हणाले, टँकरचा नाही, बहुधा लहानपणीच शिरला असेल, पाण्यातून नाहीतर उष्ट्यातून. कितीतरी लोकांच्या पोटात असतो आणि काही करत नाही. मग माझ्याच पोटात का केलं? ते त्यांनाही सांगता येईना.

आई बाहेर बाकावर बसली होती. गावाकडं पाचोडला हातपंप आटला म्हणून मीच तिला शहरात आणलं होतं.

"काय म्हनला डॉक्टर?"

"पोटात जंतू झालेत."

"जंत? आगं बया, जंतच व्हय! त्याला येवढा मोठा दवाखाना?" आणि ती अशी हसली, की पुढचं काही बोलवेना. लहानपणीचं पाणी म्हणजे तिनंच आणलेलं पाणी. माझ्या लहानपणीच्या दुष्काळात नदीत खड्डा उकरून, वाटीवाटीनं हंडा भरून आणायची ती. तिला हे कोणत्या तोंडानं सांगू? जंत तर जंत.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेल्या आणि वावडिंग घेऊन आल्या. जंतांवरचा तिचा जुना इलाज. काढा करून पेला पुढं धरायची, तिची पाठ वळली की मी मोरीत ओतायचे. इकडं गोळ्यांनी तोंड कडूजहर झालेलं, वर जुलाब सुरू झाले. परत डॉक्टरांकडं गेले.

"आतड्यातले चांगले जंतूही मेलेत गोळ्यांनी," ते म्हणाले. "ते जपायला हवेत. दही खा."

माझं डोकंच फिरलं. "आधी मारा म्हणता, आता जपा म्हणता. त्या गोळीला काय कळतंय, कोण आपला न् कोण परका?"

ते हसले. दुसऱ्या काही कॅन्सरमध्ये तर औषध लागू पडणं या आतड्यातल्या जंतूंवर अवलंबून असावं, म्हणाले, पण कोणता जंतू काय करतो ते अजून नीट उलगडलेलं नाही. आम्हीही शिकतोय. शिका बाबा, पण माझ्याच पोटावर का? रिक्षात बसून रडले मी. आपल्या पोटात आपलं किती आणि दुसऱ्यांचं किती, तेच कळेनासं झालं होतं.

घरी येऊन आईला म्हटलं, काही जंतू जपायचे असतात.

"जंत जपायचे? येडा हाय का त्यो डॉक्टर?" असं म्हणत तिनं दह्याची वाटी पुढं सरकवली.

पाण्याचं मात्र तिनं वेडच घेतलं. टँकरचं पाणी उकळायची, चौपदरी फडक्यातून गाळायची, परत उकळायची. गॅस संपतोय म्हणून मी ओरडायचे. जंतांसाठी कशाला एवढं? ती फडकं झटकून पुन्हा पातेलं चढवायची.

काही महिन्यांनी पोटात पुन्हा दुर्बीण घातली. जंतू गेला होता. गाठ लहान झाली होती, पण होती. वेळ लागतो, बघत राहू, म्हणाले डॉक्टर. आनंद करावा की घाबरावं, काही समजेना. घरी आले तर आई पाणीच गाळत होती.

"मेले का जंत?"

"मेले."

"आन् गाठ?"

मी चप्पल काढता काढता थांबले. घरात हा शब्द मी कधीच काढला नव्हता. त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, हे आत्ता आठवलं. बाक दाराला लागूनच होता.

"लहान झालीय," मी म्हणाले.

ती फडकं पिळत राहिली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तवा बी मी गाळूनच पाजलं व्हतं गं. पदर चौपदरी करून. तुझी आन."