बप्पांना दिलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय – माहीत नाही.

घरोघरी केबल येत होती ते दिवस. बीडला जनावरांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. काशीनाथ बप्पा आमचे जुने शिपाई. पिसाळून मेलेल्या जनावराची कवटी फोडून मेंदू काढायचा, हे काम त्यांचं. रबरी हातमोजे आम्ही फेकत नसू – धुवायचे, पावडर लावायची, पुन्हा घालायचे. फक्त घालण्याआधी त्यात पाणी भरून, दाबून, भोक नाही ना ते बघायचं. ते काम माझं. केवढंसं काम, नाही का?

त्या दिवशी लिंबागणेशहून म्हशीचं मुंडकं आलं. माझ्या घरी केबलवाला येणार होता, मला निघायची घाई. मी मोजे तसेच पुढे केले.

बप्पांच्या अंगठ्याला विळा लागलेला, जखम ताजीच. त्यांनी विचारलं, "बगितले ना, ताई?"

"हो बप्पा."

दुसऱ्या दिवशी कळलं – म्हशीला रेबीजच होता. मी तोच मोजा धुवायला घेतला, पाणी भरलं, आणि अंगठ्यातून बारीक धार लागली. अजून वेळ गेलेली नव्हती. एक वाक्य बोलले असते तर त्यांना पोटात घ्यायची ती इंजेक्शनं मिळाली असती. पण मग मोजे कुणी तपासले, हेही निघालं असतं – आणि माझी नोकरी? मी मोजा कात्रीने कापला आणि कचऱ्यात जाळून टाकला.

मग भीती सुरू झाली. हा रोग झालेला माणूस पाण्याला घाबरतो, एवढं मला ठाऊक होतं. मी रोज तांब्या भरून बप्पांपुढे धरायचे आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत बघत राहायचे. एकदा त्यांना ठसका लागला – मी भिंत धरून उभी राहिले. तेव्हा तरी सांगायचं? नाही सांगितलं.

बप्पांना काही झालं नाही. निवृत्तीच्या दिवशी हार घालून उभे होते. म्हणाले, "ह्या ताईनं लई जीव लावला मला. रोज न मागता पानी दिलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं लाजले.

मी पाणी देत नव्हते. बप्पा मरायला लागलेत का, हे मी बघत होते.