पेंटरांनी उतरवलेलं पत्र

अख्ख्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या एकट्या पेंटरांनी रंगवल्या होत्या आणि त्यांतली एकही त्यांना वाचता येत नव्हती. सांगून कुणाला पटणार नाही, पण खरं आहे. गिऱ्हाइकाने मजकूर कागदावर लिहून द्यायचा आणि पेंटरांनी शिडीवर चढून तो पाटीवर हुबेहूब उतरवायचा, काना-मात्रेचाही फरक नाही. अक्षराची जाडी, त्याचा बाक, दोन शब्दांमधली मोकळी जागा, सगळं त्यांना दिसायचं. अर्थ तेवढा दिसत नसे. एकदा एका कापडवाल्याने मजकुराखाली 'घाई आहे, उद्यापर्यंत द्या' असं खरडलं होतं. पेंटरांनी तेही सोनेरी रंगात पाटीवर चढवलं. कापडवाल्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"मुद्दामच केलं. बघा, लोक थांबून वाचतायत की नाही?" पेंटरांनी ठोकून दिलं.

लोक खरंच थांबत होते, म्हणून निभावलं. पण घरी येताच पेंटरांनी सगळं बायकोच्या कानावर घातलं. त्या दिवसापासून प्रत्येक कागद आधी पेंटरीणबाईंच्या नजरेखालून जाऊ लागला. हे गुपित त्या दोघांतच होतं. मुलालासुद्धा पत्ता नव्हता. गावात जे जे लिहिलंय ते माझ्या बाबांनी लिहिलंय, अशी फुशारकी मारत तो लहानाचा मोठा झाला. अशा पोराला कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढे मुलगा फौजेत गेला आणि लढाई सुरू झाली. त्याची पत्रं पेंटरीणबाई मोठ्याने वाचत आणि पेंटर त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. उत्तरही बाईच लिहीत, आधी वहीत कच्चं, मग चांगल्या कागदावर पक्कं. शेवटी 'बाबांचे डोळे दुखतात म्हणून मीच लिहिते' हे ठरलेलं.

दुसऱ्या वर्षी बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. नजर शाबूत होती, समजत सगळं होतं, पण सांगायची सोय उरली नाही. आता मुलाचं पत्र आलं की त्या मनात वाचत आणि पेंटर ते पत्र त्यांच्या चेहऱ्यावरून वाचत. कपाळाला आठी पडली की पेंटरांचा जीव टांगणीला, ओठाचा एक कोपरा हलला की जीव भांड्यात. शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं तर गुपित फुटणार आणि धंदा बसणार.

आणि मुलाला कळवायचं कसं? आघाडीवरच्या पोराच्या डोक्यात आईचा घोर शिरला आणि तिथे क्षणभर लक्ष उडालं तर संपलंच. आईचं पत्र जायलाच हवं होतं. बाईंनी डाव्या हाताने लिहून पाहिलं. अक्षरं अशी लटपटत होती की त्यांनीच तो कागद चुरगळून टाकला. तेव्हा पेंटरांनी कच्च्या पत्रांची वही काढली.

"पाटी काय आणि पत्र काय! तू पान दाखव, मी उतरवतो."

माणसाने हिंमत करावी ती अशी. बाई डाव्या हाताने एखादं जुनं, कधीही चालेल असं पान उघडून देत. पेंटर दुपारी दुकानाचं दार लोटून बसत आणि बायकोचं अक्षर, त्याच्या डावीकडे झुकण्यासकट, कागदावर उतरवत. अशी सहा पत्रं गेली. मुलाची उत्तरं हसतखेळत येत होती.

सातव्या वेळी बाईंना ताप होता. त्यांना कशाला त्रास द्यायचा, म्हणून पेंटरांनी स्वतःच निवडलं. वहीच्या मागे घडी घातलेला एक कागद होता. एकही खाडाखोड नाही, सगळ्यांत सुबक तोच. पेंटरांनी तो मन लावून उतरवला आणि पोस्टात टाकला. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात तो घडीचा कागद बायकोपुढे धरला.

"आज हे पाठवलं. झकास जमलं बघ!"

बाईंनी कागद पाहिला आणि डाव्या हाताने गादीवर दणादणा बुक्के मारले. पेंटरांना वाटलं दुखतंय. ते धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर गेले तरी बाईंचं बोट त्या कागदाकडेच होतं.

तो कागद बाईंनी मुलगा फौजेत गेला त्याच महिन्यात लिहिला होता आणि पाठवायचा त्यांना धीर झाला नव्हता. त्यात होतं, 'तुझ्या बाबांना लिहिता-वाचता येत नाही. तुझ्यापुढे मान खाली जाईल म्हणून लपवतात. कधीतरी त्यांना स्वतःला वाचता येईल असं काहीतरी धाड.' आणि हे पेंटरांनी स्वतःच्या हाताने, एकही चूक न करता, लिहून पाठवलं होतं.

मग सात आठवडे पत्रच आलं नाही. पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की पेंटर शिडीवरून उतरत, आणि तो पुढे गेला की तिथेच पायरीवर बसून राहत. हाती घेतलेली पाटी पुरी होईना. आपल्या पत्रात काहीतरी भलतंच गेलं आणि पोराचं बरंवाईट झालं, हेच डोक्यात.

आठव्या आठवड्यात पाकीट आलं, चांगलं जाडजूड. पेंटरांनी नेहमीसारखं ते उघडून बायकोच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी वरचं पान वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. बाकीचे कागद त्यांनी पेंटरांपुढे सरकवले.

"अगं, मला कुठे..." म्हणत पेंटरांनी कागद पाहिले. त्यांवर एकही अक्षर नव्हतं. नुसती चित्रं होती.

"त्याला ठाऊक झालं?"

बाईंनी मान डोलावली.

"मला वाचता येत नाही, हे? कुणी सांगितलं?"

बाईंनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि पेंटरांच्याच छातीला लावलं.

 पेंटरांची कानशिलं तापली. मग त्यांनी घसा खाकरला, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि एकेका चित्रावर बोट ठेवून वाचायला लागले.

"हा तो. दोन पाय, दोन हात, बोटंही दहाच्या दहा. हात मात्र फावड्याएवढे काढलेत गाढवाने. म्हणजे धडधाकट आहे. इथे जेवतोय. इथे झोपलाय, बूट घालूनच. आणि ही तू, पलंगावर. शेजारी मी, कागद घेऊन... तुझंही कळलंय गं त्याला. माझ्या पाट्या बघतच वाढलाय, पत्रातला माझा हात ओळखला असणार. तरी बघ, तो इथे हसतोय."

बाईंनी बोटाने खूण केली, पुन्हा. पेंटरांनी पहिल्यापासून पुन्हा वाचलं, आणि या वेळी कुठेही न अडखळता.