हंबीररावांनी कापलेला वासा

मंगळवार पेठेत छपरात काच बसवायची म्हटली की हंबीरराव सुतारांना बोलावणं जायचं. एखादं काचेचं कौल कुणीही बसवतो. पण हातभर रुंद तावदान हवं तर मधला वासा कापावा लागतो आणि त्याचा भार शेजारच्या दोन वाशांवर जातो. म्हणून त्या दोघांना आधी जोडवासे, म्हणजे बळकटीसाठी लगत दुसरे वासे, ठोकायचे, मग मधला कापून त्याची टोकं आडव्या दांड्यांत अडकवायची. त्यांच्या शेजारीच आमचं घर; तिथं एवढ्या कामाला त्यांनी चार दिवस लावले. मी कुरकुर केली, तरी जोडवासे ठोकल्याशिवाय त्यांनी करवत उचलली नाही.

त्यांच्या स्वतःच्या सोप्यात मात्र अंधार. बायको झुंबरबाई तिथं गोधड्या शिवायची. नजर अधू होत चाललेली, सुईत दोरा ओवायला दारात उन्हात यावं लागायचं. पंचाहत्तर सालच्या नवरात्रात, अष्टमीला, हंबीररावांना एकदाची सवड मिळाली. घरचंच काम म्हणून त्यांनी वासा आधी कापला. जोडवासे भिंतीला टेकलेलेच राहिले आणि दिवस मावळला. मग खाली एक टेकू दिला, वर ताडपत्री टाकली आणि हत्यारं पुसून खंडेनवमीच्या पूजेला मांडली.

नवमीला दुपारी जोराचा पाऊस आला. कौलं भिजून जड झाली. टेकूजवळ गोधडी शिवत बसलेली झुंबरबाई म्हणाली, "अवो, लाकूड करकरतंय. दोन खिळं तरी मारा की."

"आज हत्याराला हात लावत न्हाईत. उद्या सोनं लुटलं की पयलं हेच काम."

हातोडी माझ्याही घरात होती, पूजेत न मांडलेली. हाक मारली असती तर मी धावत गेलो असतो. निदान तिला आतल्या खोलीत बस म्हणायचं, तेही या माणसाला सुचलं नाही. मला त्यांचा अजून राग येतो.

टेकू सरकला आणि छप्पर तिच्या पाठीवर आलं. जीव वाचला, कमरेखालचं अंग गेलं.

तिला दवाखान्यातून घरी आणलं तोवर हंबीररावांनी काम पुरं केलं होतं. जोडवासे, दांड्या, नवी काच, सगळं चोख. तिची खाट त्यांनी बरोबर त्या उजेडाखाली ठेवली. तिला कुशीवर वळता येत नव्हतं, त्यामुळं ऊन दुपारभर तोंडावर यायचं.

मी बघायला गेलो तेव्हा ती नवऱ्याला शांतपणे म्हणाली, "ती काच काढून कौलं घाला. मला आता काय ओवायचं न्हाय."

हंबीरराव उठले, शिडी लावली आणि माझ्यादेखत ती जागा बुजवून टाकली.