बादलीच्या कडीचं माप

"बादलीची कडी गोल असते, फाउस्तिनो. तू पंजाच्या मुठीत काढलेलं भोक अंड्यासारखं आहे."

"बादली माझी, कडी माझी. तुम्ही प्रिंटर चालवा, बाई."

"अशी मूठ कोयत्याची असते. उसाच्या गावात जन्मलेय मी. मला नको शिकवूस."

कोलंबियातल्या पुएर्तो तेहादा गावात, सभागृहामागच्या खोलीत आम्ही पाच जण नीदिया बालांताबाईंकडे थ्रीडी प्रिंटिंग शिकत होतो. बाईंचे वडील कोयत्याच्या खेळातले उस्ताद. एकदा खेळता खेळता एका शिष्याशी खरीच जुंपली आणि आठ वर्षांच्या नीदियासमोर त्यांचं पोट फाटलं. पुढे त्या काली शहरात जाऊन डिझाइन शिकल्या आणि एक प्रिंटर घेऊन परतल्या. नवख्याला आधी घरातली मोडकी वस्तू आणायला सांगायच्या. मी कॉफीच्या किटलीच्या झाकणाचं बोंड नेलं होतं. नीट मोजा, म्हणायच्या, मशीन नुसतं थरावर थर चढवतं, चुकीचं सांगितलंत तर चुकीचंच इमानाने करेल.

फाउस्तिनो वियाफाराने थोटा हात आणला होता. बांधावरच्या कोकोच्या झाडांवरून झालेल्या भांडणात सख्ख्या भावाने, एलिएसेरने, कोयत्याने त्याचा उजवा पंजा मनगटातून उडवला होता. चिखलात पडल्यावरही बोटं वळवळत होती, हे तो हसत हसत सांगायचा. दीड महिना डाव्या हाताने माऊस रेटत त्याने स्क्रीनवर नवा पंजा उभा केला. बादली उचलायला हवा, म्हणाला. आमच्यात सगळ्यात हुशार तोच.

भोकावरून वाद झाला तरी बाईंनी पंजा छापायला लावला; दुसऱ्या सकाळी तो तयार होता. मनगटाची पट्टी सपाट छापतात, मग कढत पाण्यात मऊ करून हातावर वळवतात. त्यासाठी शेगडीवर पातेलं उकळत होतं.

बाई पंजा देईनात. एलिएसेरकडे जाणार नाही अशी आईची शपथ घे, म्हणाल्या. फाउस्तिनो हसला.

"तुमच्या बापाला मारणारा बाजारात मासे विकतो. दर शनिवारी त्याच्याकडूनच घेता ना? आणि मला शपथा घालता."

बाईंनी पंजा उचलला आणि त्या शेगडीकडे वळल्या.

त्याने थोट्या हाताचा फटका मारला. बाईंचा ओठ फाटला. दुसरा फटका कानावर बसला आणि त्या टेबलावर कोसळल्या, प्रिंटर खाली आदळला. मी त्याला मागून धरलं, तर त्याने माझ्या दंडाचा लचका तोडला. तेवढ्यात बाईंनी अख्खा पंजा उकळत्या पाण्यात बुडवला. मऊ झाल्यावर बाहेर काढून उघड्या हातांनी पिळत राहिल्या. बोटांची कातडी सुटून प्लॅस्टिकला चिकटत होती, तरी सोडेनात. भोक मिटलं, अंगठा आत वळला, पंजाचा नुसता गोळा झाला.

तो गोळा त्यांनी त्याच्या पायाशी टाकला.

फाउस्तिनो वाकला. पण गोळा त्याने उचललाच नाही. पडलेल्या प्रिंटरला खोचलेला त्याचा पेनड्राइव्ह होता, त्यात अख्खं डिझाइन. तो त्याने उपसला, शर्टाला पुसला आणि खिशात टाकला. कालीत असे प्रिंटर गल्लोगल्ली आहेत.

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हनुवटीवरून रक्त गळत होतं.

"फाउस्तिनो, एलिएसेरच्या घरात तीन लेकरं आहेत. तुझ्याच भावाची. त्यांच्यासमोर मारणार आहेस त्याला?"

त्याने खांद्याने दार ढकललं आणि तो कालीच्या बसच्या थांब्याकडे निघून गेला.