सेव्ह होत नाही, प्रिंट मात्र होतं

‘‘तुम्ही दाबलं की होतं. मी दाबलं की होत नाही,’’ आहेर बाई म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. एकाच तक्रारीसाठी ही माझी तिसरी खेप होती. कंट्रोल आणि एस ही दोन बटणं एकदम दाबली की टाइप केलेला मजकूर सेव्ह होतो, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवला जातो. बाईंचं म्हणणं, तो होत नाही. मी त्यांच्या खुर्चीत बसून त्यांच्यादेखत दहा वेळा दाबून दाखवलं. दहाही वेळा झाला. आता याच्यापुढे इंजिनियरने करायचं तरी काय?

इंजिनियर हे आपलं कार्डावर. मी नाशकातल्या एका लहानशा कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीला होतो. स्कूटरच्या डिकीत दोन स्क्रूड्रायव्हर, एक ब्रश आणि सीडींचं पाकीट, एवढी माझी विद्या. साल दोन हजारच्या आगेमागे गावातल्या प्रत्येक ऑफिसात कॉम्प्युटर शिरला होता आणि तो शिरला की त्याच्या मागोमाग आम्ही शिरायचो. वर्षभराच्या देखभालीचा करार असायचा, त्याला एएमसी म्हणतात. गिऱ्हाईक त्याचा अर्थ असा घ्यायचं की आता हा माणूस आपल्या घरचा. सकाळी सिन्नरच्या एमआयडीसीत कुणाचा तरी सर्व्हर उठवायचा आणि दुपारी कोर्टाजवळ येऊन वकिलांचे प्रिंटर पुसायचे.

हे ऑफिस अप्पांचं. अप्पा म्हणजे जमिनीच्या दाव्यांतले जुने वकील. सगळं कोर्ट त्यांना अप्पाच म्हणायचं. आहेर बाई त्यांच्या टायपिस्ट. मूळच्या कळवणच्या, पण लग्नानंतर पंचवटीत. वीस वर्षं त्यांनी अप्पांचे दावे, जबाब, अर्ज टाइपरायटरवर बडवले. मग अप्पांनी कॉम्प्युटर घेतला. बाई तोही शिकल्या, आणि तक्रार न करता. बोटं अशी पळायची की बघत राहावं. टाइपरायटरची सवय म्हणजे नजर कायम डावीकडच्या हस्तलिखितावर. स्क्रीनकडे बघायचं ते पान संपल्यावर. आणि माऊसला हात लावणं त्यांना आवडायचं नाही. ‘‘त्याच्यासाठी हात उचलला की स्पीड जातो,’’ असं त्या म्हणायच्या. म्हणून सगळी कामं शॉर्टकटने, म्हणजे दोन बटणं एकदम दाबून.

आता तक्रार नीट ऐका. सेव्ह होत नाही. कॉपी होत नाही. पेस्ट होत नाही. अक्षर ठळक होत नाही. पण प्रिंट होतं! अक्षराखाली रेघही येते! तीच कंट्रोलची कळ, तोच कॉम्प्युटर. अर्धे शॉर्टकट चालतात, अर्धे रुसून बसतात. बरं, नुसतं होत नाही एवढंच असतं तर ठीक. बाईंनी एक अख्खा परिच्छेद निवडून कॉपी करायला सी दाबला, तर परिच्छेद गायब, आणि त्याच्या जागी एकटा सी हे अक्षर. पानापानावर वाक्यांच्या शेवटी उगाचच एस उगवलेले. अप्पांचं ड्राफ्टिंग इंग्रजीत. अप्पा चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, ‘‘बाई, हे एस कुठून आणलेत?’’

पहिल्या खेपेला मी बाईंना म्हटलं, ‘‘उठा जरा, बघू द्या.’’ बसलो, दाबलं, झालं. सगळं झालं. मी म्हटलं, ‘‘चालतंय की!’’ आणि निघालो.

दुसऱ्या खेपेला परत तेच. ‘‘उठा जरा.’’ पण या वेळी मी डोकं लावलं. प्रिंट चालतं आणि सेव्ह चालत नाही म्हणजे हा व्हायरस असणार, निवडून निवडून खाणारा. अडीच तास स्कॅन लावला. काही नाही. मग टाइप करायचं सॉफ्टवेअरच काढलं आणि पुन्हा टाकलं. बाई तेवढा वेळ पक्षकारांच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेल्या. झाल्यावर मी ऐटीत कंट्रोल एस दाबलं. झालं. मग स्कूटरला किक मारली आणि गेलो. नव्या सॉफ्टवेअरचा गुण चांगला अर्धा तास टिकला, असं नंतर कळलं. म्हणजे बाई परत खुर्चीत बसेपर्यंत.

आणि मग लाइट गेली. बाई एका दाव्यातला लेखी युक्तिवाद टाइप करत होत्या. बारा पानं झाली होती. दर पानाला त्यांनी शिस्तीत सेव्ह केलं होतं. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. यूपीएसची बॅटरी मेलेली होती, पण तो वेगळा कॉल, म्हणजे वेगळ्या तक्रारीची वेगळी फेरी. लाइट आली तेव्हा कॉम्प्युटरमध्ये युक्तिवादाची एक ओळही नव्हती. अप्पांना दुसऱ्या दिवशी तो कोर्टात द्यायचा होता. ते बाईंवर इतके ओरडले की शेजारच्या तीन वकिलांचे पक्षकार जिन्यात येऊन उभे राहिले. बाईंनी संध्याकाळपर्यंत बसून बाराच्या बारा पानं पुन्हा टाइप केली, आणि माझा तिसरा कॉल लागला.

तर मी आता त्या तिसऱ्या खेपेला खुर्चीत बसून दहा वेळा सेव्ह करून दाखवलं होतं. माझं डोकं तापलेलं. सिन्नरच्या गिऱ्हाइकाचे दोन फोन येऊन गेलेले. मी सर्व्हिस रिपोर्टचं पुस्तक काढलं. प्रत्येक कॉलनंतर आम्ही तो लिहून, खाली आपली सही करून गिऱ्हाइकाची सही घ्यायचो. दोष काय सापडला, या रकान्यात मी लिहिलं, ‘नो फॉल्ट फाउंड’. आमच्या धंद्यातलं हे लाडकं वाक्य. अर्थ सरळ आहे: मशीन बरोबर आहे, मला त्रास देऊ नका. शेऱ्याच्या रकान्यात आणखी शहाणपणा केला: ‘यूजर एरर’. वापरणाऱ्याची चूक.

अप्पांनी ते दोनदा वाचलं. वकीलच तो, लेखी कागदाला केवढा मान! चष्मा खाली घेतला आणि मला म्हणाले, ‘‘हे तुम्ही सही करून देताय?’’

‘‘हो, अप्पा. मशीन ओके आहे.’’

‘‘बरं झालं. मलाही कुणावर अन्याय करायचा नव्हता.’’ मग बाईंकडे न बघता म्हणाले, ‘‘बाई, एक तारखेपासून तुम्ही थांबा. मी दुसरी ऑपरेटर बघितलीये. कॉम्प्युटर तुमच्या हाताला मानवत नाही, त्याला कोण काय करणार?’’

मी फक्त कॉल बंद करायला निघालो होतो हो! माझ्या दोन शब्दांच्या जोरावर वीस वर्षांचं काम जाणार, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मी पुस्तक मागायला हात पुढे केला, तर अप्पांनी त्यांची प्रत पुस्तकातून टर्रकन फाडून फाइलला लावलीसुद्धा.

बाई रडतील असं मला वाटलं. छे! त्या उठल्या आणि थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या की त्यांच्या बोलण्यात कळवण यायचं.

‘‘तुम्ही तीनदा आले. तीनदा मला म्हणले, उठा. एकदा तरी म्हणले का, बसा? मी काय करते ते एकदा तरी बघितलं का तुम्ही? आं? लय हुशार! आता उठा. खुर्ची माझी हाय, एक तारखेपर्यंत तरी.’’

मी उठलो. त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंही.

बाईंनी हस्तलिखित डावीकडे लावलं आणि टाइप करायला लागल्या. टकटकटकटक. परिच्छेद संपला. सेव्ह करायला त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने एस दाबला, आणि कंट्रोल दाबलं उजव्या हाताने. उजवीकडचं कंट्रोल!

कीबोर्डवर कंट्रोल दोन असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींचं काम एकच. मी जन्मात कधी उजवीकडचं वापरलेलं नाही. माझ्यासारखे टायपिंग न शिकलेले सगळे डाव्या हातानेच दोन्ही बटणं चिमटीत धरल्यासारखी दाबतात.

स्क्रीनवर वाक्याच्या शेवटी एक एस उगवला.

‘‘बाई, थांबा! तुम्ही उजव्या हातानं कंट्रोल का दाबलं?’’

‘‘मग कशानं दाबायचं? एस डाव्या हाताचा आहे ना?’’

‘‘आणि प्रिंटला?’’

‘‘पी उजव्या हाताचा. म्हणून कंट्रोल डाव्या हातानं.’’ त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी अंघोळ कशी करायची ते विचारत होतो. ‘‘इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. अक्षर एका हातानं, शिफ्ट दुसऱ्या हातानं. एकाच हातानं दोन्ही दाबलं की आमचे सर बोटांवर पट्टी मारायचे. शिफ्टला जे, तेच याला.’’

मी मनातल्या मनात अक्षरं मोजली. सेव्हचा एस डाव्या हाताचा. कॉपी, पेस्ट, ठळक, सगळी डाव्या हाताची. प्रिंटचा पी आणि रेघेचा यू उजव्या हाताचा. माझा निवडून खाणारा व्हायरस तो हाच! उजवं कंट्रोल मेलेलं होतं. ते न लागल्यामुळे नुसता एस उमटत होता, नुसता सी उमटत होता. निवडलेल्या मजकुरावर एक अक्षर टाइप केलं की ते अक्षर राहतं आणि मजकूर जातो. अख्खा परिच्छेद गेला तो असा.

मी ते कंट्रोल बोटाने दाबून पाहिलं. अर्ध्यावर जाऊन अडकत होतं. स्क्रूड्रायव्हरने बटणाची टोपी अलगद उचलली. आत तांदळाचा एक दाणा. कुंकू लागलेला, लालभडक. अक्षता!

आता अक्षता कॉम्प्युटरवर आणखी कधी पडणार? खंडेनवमीला. त्या दिवशी आपल्याकडे सुतार करवतीची पूजा करतो, रिक्षावाला रिक्षाची. तशी इथे कॉम्प्युटरची झाली असणार. मी हळूच विचारलं, ‘‘पूजा कुणी केली?’’

बाईंनी नुसतं अप्पांकडे बघितलं.

‘‘मीच केली,’’ अप्पा म्हणाले. ‘‘यथासांग केली. त्यात काय चुकलं?’’

मी तो दाणा तळहातावर घेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. अप्पा चष्मा लावून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होते. उलटतपासणीला स्वतःचाच साक्षीदार फुटल्यावर वकिलाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

टोपी परत बसवली. ‘‘बाई, दाबा.’’ बाईंनी दाबलं. उजव्या हाताने कंट्रोल, डाव्या हाताने एस. सेव्ह झालं. कॉपी झाली, पेस्ट झालं. बाईंनी मुद्दाम अख्खं पान ठळक केलं आणि परत साधं केलं.

‘‘ते... बाई,’’ अप्पा घसा खाकरून म्हणाले, ‘‘एक तारखेचं राहू द्या.’’

‘‘काय राहू द्या? नीट सांगा.’’

‘‘म्हणजे तुम्ही राहा, असं म्हणतोय मी.’’

‘‘आणि चूक कोणाची होती?’’

‘‘तुमची नव्हती,’’ अप्पा फाइलमध्ये तोंड घालून पुटपुटले.

‘‘ओरडताना तीन ऑफिसांना ऐकू गेलं होतं, अप्पा. आता तोंडातल्या तोंडात?’’

अप्पा उठले. दारापर्यंत गेले. जिन्यातून शेजारचे वकील वर येत होते. त्यांना थांबवून अप्पांनी खणखणीत आवाजात सांगितलं की आहेर बाईंची काहीही चूक नव्हती, कॉम्प्युटरच बिघडला होता. त्या वकिलांना यातलं ओ की ठो कळलं नाही. ते ‘‘बरं बरं’’ म्हणून निघून गेले. बाईंना मात्र तेवढं पुरलं. डोळे पदराने टिपले आणि लगेच मला विचारलं, ‘‘चहा घेता?’’

चहा आला. मी म्हटलं, ‘‘बाई, माझं चुकलं. फार चुकलं.’’

‘‘अप्पा रागाच्या भरात बोलले,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही तर शांत डोक्यानं लिहून दिलं होतं. सहीसकट.’’

मी रिपोर्टचं पुस्तक पुन्हा उघडलं.

नवा रिपोर्ट लिहावा लागला. मी दोषाच्या रकान्यात ‘पूजेच्या अक्षतेमुळे’ असं लिहिलं, तर अप्पा सही करायला तयार होईनात. ‘‘उद्या कुणी वाचलं तर?’’ त्यांनी मजकूर दुरुस्त करून दिला: ‘बाह्य पदार्थाच्या आकस्मिक प्रवेशामुळे’. त्यावर बाईंनी हरकत घेतली. आकस्मिक कसला, त्या म्हणाल्या, मुहूर्त बघून टाकला होता. शेवटी ‘आकस्मिक’ खोडलं, ‘बाह्य पदार्थ’ राहिला, आणि अप्पांनी सही केली.

पुढे माझी स्वतःची लहानशी फर्म झाली, हाताखाली चार पोरं आली. त्यांना कॉलवर पाठवताना मी तीनच गोष्टी सांगतो. गेल्या गेल्या खुर्चीत बसू नका, गिऱ्हाइकाला बसवा. मागे उभे राहा आणि त्यांचे हात बघा. आणि तोवर तोंड बंद ठेवा. पहिल्या दोन गोष्टी पोरं आठवड्यात शिकतात. तिसरी मला स्वतःला अजून जमलेली नाही.