खांद्यातलं फाटलेलं दिसलं

मंडळी, गांधीबागेच्या कापडबाजारात तीस वर्षं कापडाचे थान उचलून माझा उजवा हात वर जाईना. म्हणून आज खांद्याच्या सांध्यात एक्स-रेत दिसणारं औषध सोडून तपासणी करून घेतली.

सुई पाहूनच मी मान फिरवली. डॉक्टरीणबाईंनी आधी जागा बधिर केली. म्हणाल्या, "काकाजी, खांदा जड वाटन. दुखलं तर सांगजा." खरंच, नुसता जड झाला.

एक्स-रेच्या पडद्यावर औषध सांध्यात पसरत गेलं अन् एका जागी बारीक धारेनं बाहेर निघालं. बाई म्हणाल्या, "तिथंच स्नायूची पट्टी फाटली आहे जी!"

मी पाहतच राहिलो. विकण्याआधी आम्ही कापड उलगडून उजेडापुढे धरतो, बारीक भोकही लपत नाही. आज मलेच कोणी उजेडापुढे धरलं होतं.

अन् दोन वर्षं मी नुसता बाम चोळून राहिलो होतो! तुमचं काय दुखून राहिलं, अन् दाखवाले काहून थांबले?