पत्रिकेत राहून गेलेलं नाव

कुणी तक्रार घेऊन आलं की शमीमचाची शिलाई मशीन थांबवायच्या, चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "उसवून पुन्हा शिवता येतंय का?" तक्रार ब्लाउजची असो नाहीतर सासूची, प्रश्न हाच. येतंय म्हटलं की मशीन पुन्हा सुरू. आपलं दुःख असं चुटकीसरशी निकालात निघालेलं मला तरी मुळीच आवडायचं नाही. पण हे सगळं गेल्या उन्हाळ्यापर्यंतचं.

इंदापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेत शिक्षिका, आणि राईचा पर्वत करण्यात पटाईत. सोमेश्वरनगरकडे बदली झाली, रोज एस्टीने जा-ये करायची वेळ आली, तेव्हा मी चाचींच्या उंबऱ्यात बसून अर्धा तास रडले. त्यांनी काजं करता करता सगळं ऐकून घेतलं.

"बाई, सकाळी एका पोरीला आंघोळ घालून आले. बाविशीची व्हती," त्या म्हणाल्या. "आता सांगा, तुमची एष्टी किती वाजता हाय?"

त्यांच्या समाजात बाई वारली की अखेरची आंघोळ घालायला चाचींनाच बोलावणं यायचं. असं काम करून आलेल्या माणसापुढे बदलीचं काय रडणार? मी डोळे पुसले आणि एस्टीची वेळ सांगितली.

अशा या चाची स्वतः मात्र एका कागदाला अडल्या होत्या. शेळगावची मुमताज ही त्यांची धाकटी सख्खी बहीण. तिच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत सगळ्या काका-मामांची नावं छापली होती, फक्त चाचींच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव राहून गेलं होतं. चाची लग्नाला गेल्या नाहीत. मग मुमताज स्वतः आली. "आपा, छापणाऱ्याकडनं राहिलं. माझं चुकलं, मी वाचून बघाय पायजे व्हतं," ती परत परत म्हणत होती. चाचींनी मशीनवरचा पाय काढला नाही की मान वर केली नाही. ती तासभर बसली आणि चहा न घेता गेली.

मी एकदा धीर करून म्हटलं, "चाची, हे नाही का उसवून शिवता येत?"

"ते येगळं हाय, बाई."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं मी मनात म्हटलं. प्रत्येकाचं 'ते' वेगळंच असतं म्हणा. या अबोल्याला तीन वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात कळलं की मुमताजला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलंय, मूत्रपिंडं कामातून गेलीत. चाचींनी हातातलं कापड उगाच दोनदा घडी केलं. "जाऊ की. लग्नाची ब्लाउजं तेवढी हातावेगळी झाली की जाऊ." ब्लाउजं झाली. मी म्हटलं, रविवारी स्कूटरवरून नेते. तर म्हणाल्या, "तिनं अजून निरोप धाडला न्हाय." मला राग आला, पण मी त्यांना ओढून नेलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. गुरुवारी सकाळी चाचींच्या भाचीचा फोन आला.

शेळगावात अंगणात पाणी कोमट करून ठेवलं होतं. सख्खी बहीण म्हणून बायका म्हणाल्या, दुसरीला सांगू. "न्हाय. मीच घालनार," म्हणत चाची पडद्याआड गेल्या. मी बाहेर बसले होते. आतून फक्त पाणी ओतल्याचा आवाज येत होता, दुसरं काही नाही.

कफन नेसवून झालं. चेहरा तेवढा उघडा ठेवला. त्या वेळी एकेकीने जवळ जाऊन 'बोललं-चाललं माफ कर' म्हणायची त्यांच्यात रीत आहे. रडून जिचा आवाज फुटत नाही तिच्या खांद्याला धरून चाचीच ते म्हणवून घ्यायच्या. त्या दिवशी जावा म्हणाल्या, शेजारणी म्हणाल्या, भाची म्हणाली. चाची शेवटी पुढे झाल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांचा हात बहिणीच्या कपाळावर होता. बाहेर पुरुष खोळंबले होते.

एक म्हातारी हळूच म्हणाली, "म्हन की गं, शमीम."

"काय म्हनू?" चाची म्हणाल्या. "तीन वर्सं आमी बोललोच न्हाय."